गैरहजेरीचा शेरा

"जाते मी," असं म्हणून संजनाने दार ओढून घेतलं आणि विमलाबाईंच्या हातातलं लाटणं पोळीवर तसंच थांबलं.

कारभारी पगारे पेपर वाचत होते. पेपर त्यांनी खाली केला नाही, पण वाचणं थांबलं. पोरगी ग्रीसहून परत आल्याला महिना होत आला होता आणि महिनाभर हे असंच चाललं होतं.

"ऐकलंत ना? सरळ जाते म्हणते," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारता का मी विचारू?"

पगाऱ्यांच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. मांजर आडवं गेलं की कारभारी मुद्दाम चार पावलं पुढे टाकत, आणि स्कूटर तर त्यांनी शोधून अमावस्येच्या दिवशी घरी आणली होती. विमलाबाई अंगणवाडीत येणाऱ्या बायांना रोज बजावत की दृष्टबिष्ट काही नसतं, आधी पोराचं वजन करून घ्या. पण घराबाहेर पडताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणायचं नाही, हे दोघांनीही कधी अंधश्रद्धेत धरलं नव्हतं. कोपऱ्यावर मीठ आणायला निघालेलं पोरही 'येतो' म्हणूनच निघतं. आता याला कोणी अंधश्रद्धा म्हटलं तर माणसाने बोलायचंच बंद करावं लागेल.

विचारायचं काम कारभारींवर आलं. बोलायचं काम त्यांच्यावरच यायचं, कारण बोलणं ही त्यांची नोकरी होती. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून चौकशीच्या खिडकीत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठल्या मार्गे, किती उशिरा, हे त्यांनी माइकवरून इतक्या वेळा सांगितलं होतं की निवृत्तीनंतरही घरात चहा झाला आहे हे ते त्याच सुरात सांगत. जुने सोबतीही तसलेच. संजना ग्रीसला निघाल्याचं कळल्यावर वर्कशॉपमधला संतोष मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "पगारेसाहेब, ग्रीससाठी पोरीला इतक्या लांब कशाला पाठवता? आपल्याकडे डबेच्या डबे पडलेत."

कारभारी हसले होते, पण पुढचे तीन महिने त्यांनी त्या सगळ्यांना सोडलं नाही. बिटको चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज संजनाची बातमी पत्रं वाचल्यासारखी सविस्तर निघायची. मुंबईच्या समाजकार्याच्या कॉलेजातून दोघांचीच निवड, त्यातली एक आपली. घरदार सोडून समुद्रातून, डोंगरातून चालत आलेली माणसं तिथल्या छावणीत असतात. एका संस्थेतर्फे त्यांना कपडे द्यायचे, सरकारी पत्रं वाचून दाखवायची, अर्ज भरायचे. हिंदी येत असल्यामुळे पाकिस्तान, बांगलादेशकडची सगळी माणसं संजनाच्या वाट्याला. ती येताना प्रमाणपत्र तर घेऊन आलीच, पण मागोमाग संस्थेचं पत्रही आलं की वर्षभरासाठी परत ये, पगारी काम देतो, महिनाअखेर कळव. ते पत्र येऊन अठरा दिवस झाले होते आणि पोरीने उत्तर लिहिलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, बघू.

दुपारी कारभारी डबा घेऊन जेल रोडच्या अभ्यासिकेत गेले. संजना बाहेरच्या पायरीवर बसलेली होती आणि पुस्तक मिटलेलं होतं. तेही शेजारी बसले. थंडीचे दिवस, ऊन बरं वाटत होतं. थोडा वेळ त्यांनी समोरच्या रसवंतीचं चाक बघितलं आणि मग माइकवरच्या स्वच्छ आवाजात विचारलं की तुझी आई म्हणते तू जाते म्हणतेस, त्याचं काय कारण.

संजनाने पुस्तक बाजूला ठेवलं. मग बोलायला लागली ती थांबलीच नाही.

त्या छावणीत रफाकत नावाचा एक माणूस होता. पन्नाशीचा, पाकिस्तानातल्या पंजाबचा, फरश्या बसवण्याचं काम करणारा. तिथे राहू द्यावं म्हणून त्याने अर्ज केला होता आणि त्या अर्जाच्या मुलाखतीची तारीख मिळायला अकरा महिने लागले होते. मुलाखतीला जो पोचत नाही त्याने अर्ज सोडून दिला असं तिथे धरतात. म्हणून आदल्या आठवड्यापासून संजनाने त्याची तयारी करून घेतली होती, आणि त्या सकाळी साडेसातलाही ती ऑफिसच्या दारात त्याला पुन्हा सगळं समजावून सांगत होती. हे कागद, हा फोटो, आठ वाजता मागच्या फाटकाशी संस्थेची गाडी येईल. त्याने मान डोलवली. तिला शहरातल्या कपड्यांच्या गोदामात पोचायचं होतं, उशीर झाला होता. ती म्हणाली, "ठीक है चाचा? बैठिए आप. मैं आती हूँ."

"मी निरोप घेत होते, पप्पा," संजना म्हणाली. "मी येते म्हणत होते."

कारभारींच्या ध्यानात आलं.

मागच्या फाटकाशी ड्रायव्हरने दोनदा नाव पुकारलं आणि यादीवर खूण करून गाडी काढली. संजना अकराला गोदामातून परतली तर ऑफिसच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रफाकत बसलेला. गादीखाली दाबून इस्त्री केलेला शर्ट, मांडीवर फाईल. तिला बघून तो उठला आणि म्हणाला, "आ गईं बेटी? चलें?"

तो तिच्या परतण्याची वाट बघत बसला होता. तिला कळलं तसं त्यालाही तिच्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तो पुन्हा खाली बसला, फाईल नीट केली आणि म्हणाला, कोई बात नहीं. दोनच दिवसांनी तिची मुदत संपली. निरोपसमारंभात तिच्याबद्दल सगळे भरभरून बोलले. रफाकत गाडीला का आला नाही हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने आपण होऊन सांगितलं नाही. विमानातून उतरताना शेजारच्या बाईचा निरोप घ्यायला 'येते' हा शब्द तोंडात आला तसं तिला भडभडून आलं. तेव्हापासून तो शब्द निघत नव्हता.

"सांगितलं असतं तर मला परत बोलावलं नसतं," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी गप्प बसले. खोटं कशाला बोलू."

कारभारींना वाईट वाटलं. अभिमानाच्या इतक्या गोष्टी त्यांनी टपरीवर सांगितल्या होत्या, त्यात ही कुठे बसवायची ते त्यांना कळेना. पण त्याचबरोबर पोरगी स्वतःला सोडत नाही हे बघून आत कुठेतरी बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाज वाटली. मग त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला.

"त्याच्या कागदावर काय शेरा मारलाय?"

"गैरहजर."

"गैरहजर कसा? तो तर तीन तास हजर होता."

संजनाने त्यांच्याकडे पाहिलं.

मग कारभारींनी तिला जी गोष्ट सांगितली ती त्यांनी घरात कधी काढली नव्हती. द्राक्षाच्या छाटणीची कामं आटोपून सुरगाण्याकडची एक मंडळी परत चालली होती. पोरंबाळं, गाठोडी, भांडी. म्हातारा खिडकीशी आला आणि गाडी कुठं लागंल म्हणून विचारलं. कारभारी म्हणाले, बसा, सांगतो. गर्दी होती. गाडी नेहमीच्या फलाटावर लागली नाही, शेवटच्या टोकाला लागली, आणि ते सांगायचं विसरले. शेवटची गाडी गेली. ती माणसं बाकावर तशीच बसलेली, कोणी एकदाही उठून विचारायला आलं नाही.

"साहेब म्हणले बसा, म्हणून बसले," कारभारी म्हणाले. "वहीत मी शेरा लिहिला, नियंत्रकाच्या चुकीमुळे प्रवासी राहिले. आगारप्रमुख म्हणाला, पगारे, डोकं फिरलं का, प्रवासी चुकले असं लिहा, विषय संपला. पण ते चुकले नव्हते. मी जे सांगितलं ते त्यांनी केलं होतं. मेमो आला मला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला बसवून दिलं त्यांना."

एवढं बोलून ते उठले आणि घरी आले. डबा त्यांच्याच हातात राहिला होता, हे विमलाबाईंनी दाखवल्यावर कळलं.

संध्याकाळी विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिकडचं बोलावणं रद्द होईल का, असं त्यांनी विचारलं, आणि होऊ शकतं, असं कारभारी म्हणाले. अंगणवाडीतल्या सगळ्या बायांना त्यांनी ते पत्र वाचून दाखवलं होतं. बराच वेळ त्या मेथी निवडत राहिल्या.

"त्याला पोरं किती?" त्यांनी विचारलं.

ते संजनालाही माहीत नव्हतं.

"विचारायचं होतं," विमलाबाई म्हणाल्या, आणि मग, "लिही बाई. काय होईल ते होईल."

संजनाने लॅपटॉप घेऊन संस्थेला पत्र लिहायला घेतलं. कारभारी चष्मा लावून शेजारी बसले. त्यांचं इंग्रजी गाड्यांच्या फलकांपुरतं होतं, पण दर वाक्य ते तिच्याकडून मराठीत वदवून घेत. एका जागी त्यांनी तिला थांबवलं. आमच्यात गैरसमज झाला, असं तिने लिहिलं होतं.

"गैरसमज कोणाचा झाला? त्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं. तू चुकीचं सांगितलंस. तसं लिही."

संजनाने ओळ खोडली आणि तसं लिहिलं. पत्र गेलं. टपरीवर त्या आठवड्यात ग्रीसची बातमी आली नाही, तेव्हा संतोषने काळजीने विचारलं की सगळं ठीक ना. कारभारी म्हणाले, पोरगी मोठ्या कामात आहे.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. लिहिलं होतं संस्थेच्या वकीलबाईंनी. पत्राबद्दल आभार, पण अडचण आहे. रफाकतला तीन वेळा विचारलं की तू गाडीला का आला नाहीस, आणि तिन्ही वेळा त्याने एकच सांगितलं आहे की डोळा लागला. तसं सही करून दिलं आहे. इथे काम करून गेलेल्या मुलांना माणसांचा लळा लागतो आणि त्यांना वाचवण्यासाठी ती दोष स्वतःवर घेतात, हे आम्ही पूर्वीही पाहिलं आहे. तेव्हा दोघांपैकी खरं कोण ते ठरवायला गुरुवारी आमच्या वेळेप्रमाणे बाराला दोघांशी एकत्र बोलू.

संजनाने पत्र दोनदा वाचलं. "तो माझं नाव घेत नाहीये, पप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

कारभारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एकतीस वर्षांत खिडकीशी येऊन लोकांनी त्यांना काय काय म्हटलं होतं. पाच मिनिटं गाडीला उशीर झाला तरी खानदान निघायचं, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असं कारभारींना वाटायचं नाही. आणि हा माणूस. अकरा महिने थांबला, तीन तास बसला, सगळं गेलं, आणि चार दिवसांची ओळख असलेल्या परक्या देशाच्या पोरीवर आळ येऊ नये म्हणून आपण झोपलो होतो असं लिहून देतो. हा माणूस आपल्याला एकदा बघायला मिळावा, असं त्यांना फार वाटलं.

गुरुवारी तो बघायला मिळाला. दुपारी साडेतीनला बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडला होता. विमलाबाई अंगणवाडीतून लवकर आल्या होत्या. कारभारी इस्त्रीचा सदरा घालून दिवाणावर, पडद्यात दिसणार नाही असे बसले होते, पण त्यांना सगळं दिसत होतं. एका चौकोनात वकीलबाई, शेजारी दुभाष्या, आणि दुसऱ्यात लोकरीची टोपी घातलेला, पिकल्या दाढीचा रफाकत.

वकीलबाईंनी विचारलं, दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं.

"जी, सो गया था," रफाकत म्हणाला. "बच्ची का कोई क़सूर नहीं."

"चाचा, आप सोए नहीं थे. मैंने कहा था, मैं आती हूँ. आप बैठे रहे."

रफाकत पडद्याकडे बघेना. दुभाष्याने वकीलबाईंना काहीतरी सांगितलं, मग संजनाकडे वळून म्हणाला की बहनजी, हिंदी मलाही येते. आती हूँ म्हणजे आती हूँ. परत यायचंच नव्हतं तर कोणी असं कशाला म्हणेल? चलती हूँ म्हणेल. तुम्ही त्याला वाचवायला हे जुळवलंय असंच कोणालाही वाटेल.

संजना समजावून सांगायला लागली, पण तिची गाडी अडकली. इंग्रजीत, हिंदीत, पुन्हा इंग्रजीत. तेव्हा कारभारी दिवाणावरून उठले, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि घसा साफ केला.

"नमस्कार. मैं इसका बाप. एसटी में था, बस अड्डे पे माइक पे बोलता था. हमारे यहाँ जाने को जाना नहीं बोलते. आना बोलते. दुकान को निकला, गाँव को निकला, ड्यूटी को निकला, आदमी बोलता है, येतो. मतलब आता हूँ. और निकल जाता है. ये लड़की हिंदी में बोली, पर बात मराठी थी."

दुभाष्या ऐकत राहिला. वकीलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कारभारींनी मग त्या दोघांना सोडलं आणि ते सरळ लोकरीच्या टोपीशी बोलले.

"रफाकतभाई, आपने बराबर सुना. गलती इसकी है. आप सोया बोलोगे, तो ये अपनी गलती लिखेगी कहाँ?"

संजनाने बापाचा हात टेबलाखाली घट्ट धरला होता. रफाकतने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली.

"सोया नहीं था जी," तो म्हणाला. "बैठा था."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. आणखी चार-पाच प्रश्न विचारले, किती वाजता, कुठल्या खुर्चीत, फाईल कोणाकडे होती, आणि दोघांची उत्तरं जुळत गेली. मग त्या म्हणाल्या की या जबाबावर अर्ज पुन्हा उघडायची मागणी करता येईल. वेळ लागेल, पण करता येईल. संजनाच्या नेमणुकीचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. झाली चूक आता कागदावर आली आहे, तेव्हा त्यावर संस्था विचार करील आणि तोवर बोलावण्याचं पत्र थांबवलेलं समजावं. संजनाने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात न दिसलेला निवांतपणा होता. विमलाबाईंना तो स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसला.

आता संपलं असं वाटत असताना रफाकत पडद्याच्या थोडा जवळ आला. त्याला वकीलबाईंशी बोलायचं नव्हतं.

"भाई साहब," तो कारभारींना म्हणाला, "आपके यहाँ सब आते ही हैं, तो जाता कौन है?"

कारभारींनी असा विचार कधी केला नव्हता. त्यांनी खरं होतं ते सांगितलं.

"जो लौटने वाला नहीं, वो. जो मर जाए, उसको बोलते हैं, गेला."

रफाकतने हळूहळू मान डोलवली.

"अम्मी दरवाज़े तक आई थीं," तो म्हणाला. "छह साल हुए. मैंने कहा था, जा रहा हूँ."

दुभाष्याने हे इंग्रजीत सांगितलं नाही. वकीलबाईंची बोटं अजून लिहायच्या तयारीत होती. ते आत्ता काय म्हणाले, त्यांनी विचारलं, जबाबात घ्यायचं आहे का? दुभाष्याने संजनाकडे पाहिलं.

"नाही," संजना त्यांना म्हणाली. "ते अर्जातलं नाही."